उघाडीतलं लाकूड

२३ जुलै, बुधवार

मिळाला! चांगला माझ्या कोपरापासून बोटापर्यंत लांब जिताडा. किमयाने पागाचं जाळं टाकलं, मी शेपटीवर उडी मारली, दोघी चिखलात लोळलो. हसून हसून पोटात दुखायला लागलं.

किमयाच्या मनस्वीताईला सातवा महिना आहे. तिला रोह्याला दिलीय. महिनाभर तिला जिताड्याचेच डोहाळे, आणि तिथल्या बाजारात मिळतो तो म्हणे चिखलाच्या वासाचा. उद्या गटारी, परवापासून श्रावण. मग तिची सासू महिनाभर घरात मासळीचं नाव काढू देणार नाय. म्हणून किमया चार दिवस माझं डोकं खात होती, "दिपे, कायतरी कर गो." आम्ही दोघी बारावीला, एका बाकावर, पण डोकं चालवायची वेळ आली की ते माझंच.

मग मी उघाडीची आयडिया काढली. उघाडी म्हणजे काय ते लिहून ठेवते, पुढच्या जन्मी पुण्यात जन्मले तर कळायला पाहिजे. खाडी शेतात घुसू नये म्हणून गावाला मातीचा बांध आहे. त्या बांधात पाण्याला वाट ठेवलीय आणि वाटेला लाकडी झडप, ती उघाडी. ओहोटीला झडप उघडते, शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जातं. भरती आली की पाण्याच्या जोराने ती आपोआप मिटते आणि खारं पाणी बाहेरच राहतं. आता तिच्यात लाकूड अडकवलं तर ती मिटत नाय, आणि भरतीबरोबर मासळी आत येते. ओहोटीला तोंडावर पाग घेऊन उभं राहायचं, बस्स. मोठी माणसं पण करतात हे, फक्त कबूल करत नायत. नाथाआजा उघाडी राखतो, त्याने बघितलं तर सात पिढ्या काढील.

लाकूड म्हणून मी आमच्या गोठ्यातल्या मोडक्या खाटेचा पाय नेला होता. बरोब्बर बसला. निघताना किमया म्हणाली, "काढ आता ते." मी म्हटलं, "राहू दे गो उद्यापर्यंत. अजून एक गावला तर आमच्याकडे पण गटारी. उद्या संध्याकाळी मीच काढीन." ती म्हणाली, "नक्की ना?" मी म्हटलं, "तू काय माझी मास्तरीण हायस?"

२४ जुलै, गुरुवार, गटारी

रोह्याहून आत्ता आले. जाताना मेमूमध्ये आमच्या पिशवीचा असा वास सुटला होता की समोरची बाई खिडकीकडे तोंड करून बसली. मनस्वीताईने तीन तुकड्या खाल्ल्या आणि रडली. डोहाळे पुरले की रडतात वाटतं. किमया दोन दिवस तिथेच राहणार. गाडी सुटताना प्लॅटफॉर्मवरून ओरडली, "लाकूड, दिपे!" मी ओरडले, "व्हय गो माझी आये!" सगळा डबा हसला.

पेणला उतरले तर पाऊस मी म्हणत होता. मिनीडोर रिक्षातून उतरेपर्यंत विजा सुरू. उघाडीला गेले नाय. वाटेत नाथाआजा भेटला, छत्री घेऊन निघाला होता. चार शब्द बोललो, तो घरी फिरला, मी घरी आले. लाकूड सकाळी काढीन. पळून थोडंच जातंय.

२५ जुलै, शुक्रवार

बांध फुटला.

सहा वाजता हरेशकाका ओरडत आला, "खांड गेली! उघाडीजवळ खांड गेली!" सगळा गाव धावला. मी पण. जिथे उघाडी होती तिथे बैलगाडी जाईल एवढं भगदाड, आणि त्यातून खाडी आत येतेय. लावणी होऊन आठ दिवस झाले होते. सगळ्या शेतांवर पाणी. मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

आई बांधावर फतकल मारून बसली. म्हणाली, "आता तीन वर्सं मीठ जायाचा नाय." धोंडुआजी, म्हणजे नाथाआजाची बायको, छाती बडवत होती.

लाकूड राहिलं. आमच्याकडून राहून गेलं. पण एवढ्याशा लाकडाने एवढा बांध कसा फुटेल? अमावास्येचं उधाण होतं, वरून पाऊस. लाकूड नसतं तरी फुटलाच असता. नाय का? आणि किमयाला एवढी काळजी होती तर तिने रात्री फोन करून आठवण करायची.

अक्षर बघा कसं आलंय.

२६ जुलै, शनिवार

दिवसभर मातीच्या गोण्या. मी पण साखळीत उभी होते. ओहोटीला भरायचं, भरतीला वाहून जायचं. कोणी माझ्याकडे बघितलं की वाटतं, झालं, कळलं ह्याला.

किमयाचा मेसेज आला, "तू काढलं होतंस ना?" मी वाचून डिलीट केला. मग माझ्या मोबाईलमधून जिताड्याचे फोटो काढून टाकले. त्यात एका फोटोत मागे उघाडी दिसत होती. मग तिला लिहिलं, "तुझे पण काढ. आणि मनस्वीताईला सांग, मासा बाजारातला होता." तिने नुसतं "बरं" लिहिलं. मला ते "बरं" आवडलं नाय.

२३ तारखेचं पान फाडावं का? पण मागचं पान पण सुटतं, त्यावर जीवशास्त्राच्या आकृत्या आहेत.

२८ जुलै, सोमवार

आज माझा जीव जाऊन परत आला. हरेशकाकाला चिखलात ते लाकूड मिळालं, झडपेच्या चौकटीत अडकलेलं. तो ते घेऊन आमच्याच घरी आला, कारण बाबा गावकीच्या पंचांत आहेत. "दादा, बघा, ह्या कोनीतरी मुद्दाम घातलाय."

मी चुलीपाशी होते. बाबांनी लाकूड हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं. म्हणाले, "वाहून आलेलं लाकूड हाय रं. उधानात काय काय येतं." आणि हरेशकाका गेल्यावर ते त्यांनी चुलीत घातलं. ओलं लाकूड, घरभर धूर झाला. आई खोकत म्हणाली, "गॅस हाय ना, कशाला?" बाबा ते जळेपर्यंत बसून राहिले.

नशीब माझं! त्यांनी ओळखलं नाय. जेवताना मात्र एकदम म्हणाले, "ह्याच्यापुढं खाडीकडं जायचं नाय." सगळ्याच पोरींचे बाप सध्या असं सांगत असतील.

३ ऑगस्ट, रविवार

देवळात गावकी बसली. बायका मागे, आम्ही पोरी त्याहून मागे. किमयाला मनस्वीताईने रोह्यालाच ठेवून घेतलंय, बरं झालं.

कमळाकरभाऊ गावकीचे पुढारी. त्यांनी नाथाआजाला उभं केलं. "गटारीच्या सांजेला उघाडी बघाया गेलतास का?" आजा म्हणाला, "नाय." "का नाय?" आजाने टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "ताप व्हता." "मग कोनाला सांगितलास?" "नाय सांगितला. माझीच चूक हाय."

त्याला ताप नव्हता. छत्री घेऊन ताडताड चालला होता. विसरला असेल, सत्तरी उलटलीय. म्हातारा विसरला ते एका परीने बरंच झालं.

"वाळीत" हा शब्द कमळाकरभाऊ काढत नायत, कायदा झाल्यापासून. म्हणाले, "नाथाच्या घरात कोनी जायचा नाय, त्यांच्याशी बोलायचा नाय. उघाडी आजपासून दुसऱ्याकडं." लिहिलं काय नाय, सगळं तोंडी. बाबांनी पण मान हलवली. आजा पायातल्या चपला शोधत होता, मिळेनात, आणि कोणी दाखवेना. मला दिसत होत्या. खांबामागे.

६ ऑगस्ट, बुधवार

धोंडुआजी दुकानात आली. मी तिथेच होते, साखर घ्यायला. तिने चहापत्ती मागितली. दुकानदार माझ्याशी बोलत राहिला. ती परत म्हणाली, "अरे बाला, चापत्ती." तो म्हणाला, "दिपिका, अजून काय?" शेवटी ती गेली. मी साखर घेऊन आले. मला साखर नको होती, पण आईने सांगितली होती.

किमयाचा फोन आला. तिला सगळं तिच्या आईकडून कळलंय. म्हणाली, "नाथाआजा असा कसा नाय गेला? तो कधी चुकत नाय." मी म्हटलं, म्हातारा झाला. ती म्हणाली, "तू ये इथं. फोनवर नको." ती फोडणार. ती नक्की फोडणार.

८ ऑगस्ट, शुक्रवार, नारळी पौर्णिमा

कॉलेजच्या नावाखाली रोह्याला गेले. मनस्वीताई झोपली होती, तिचा नवरा पहिल्या शिफ्टला. आम्ही कुंडलिकेच्या घाटावर जाऊन बसलो. बायका नदीला नारळ देत होत्या.

मी आधीच ठरवलं होतं, रडायचं. रडले पण. खरंच आलं रडू. म्हटलं, "माझे बाबा पंच हायत गो. आमचं घर बंद केलं तर बाबा जीव देतील. तू माझी मैत्रीण हायस का नाय?"

ती म्हणाली, "आधी सांग, नाथाआजा त्या दिवशी का नाय गेला?"

आता इथे लिहिते. कुठेतरी लिहिलंच पाहिजे, नायतर मी फुटेन. आजा उघाडीलाच निघाला होता. मला वाटलं, हा गेला की लाकूड बघणार आणि बोंबलत आमच्या दारात येणार. म्हणून मी म्हटलं, "आजा, एवढ्या पावसात कुठं? मी तिकडूनच आले, झडप बंद हाय." तो म्हणाला, "व्हय गो? शानी गो माझी बाय." आणि फिरला.

किमयाला सांगितलं. ती नदीकडे बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे तो तुझं नाव लपवतोय."

"तो विसरलाय," मी म्हटलं.

"दिपे, तू येडी हायस का?"

मग भांडण झालं. मी म्हटलं, मासा कोणाच्या ताईसाठी होता? ती म्हणाली, "म्हणूनच मी सांगणार हाय. माझ्यापुरतं सांगेन. तुझं नाव घेणार नाय." मी तिच्या हातापाया पडले. तिने हात सोडवून घेतला आणि म्हणाली, "तुझी गाडी चुकेल."

अशी असते मैत्री? पहिलीपासून एका ताटात जेवलो आम्ही.

१० ऑगस्ट, रविवार

ती आली. तिच्या आईबापाला पण माहीत नव्हतं. गावकीला सगळे बसल्यावर मागून उठून पुढे गेली आणि म्हणाली, "उघाडीत लाकूड मी घातलं. मासे धरायला. काढायचं राहिलं. नाथाआजाची चूक नाय."

देवळात असा गोंधळ उठला की मी कानांवर हात ठेवले. तिचा बाप तिथेच खाली बसला. हरेशकाका धावून गेला, "माझा सगळा रान गेला गो, सगळा!" तिने मान खाली घातली नाय. कमळाकरभाऊंनी विचारलं, "संगती कोन होता?"

"कोणी नाय. मी एकटीच."

सगळ्या बायकांनी वळून माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघी एकमेकींशिवाय शौचाला पण जात नाय हे गावाला माहीत आहे. आईने माझं मनगट धरलं. एवढं घट्ट की बांगडी फुटली. बाबा माझ्याकडे बघत नव्हते, छताकडे बघत होते.

नाथाआजा मात्र माझ्याकडे बघत होता. मी खांबाआड सरकले.

तिने नाव घेतलं नाय. किमयाने खरंच नाव घेतलं नाय. मी वाचले. मला आनंद व्हायला पाहिजे, पण दोनदा ओकारी झाली.

१४ ऑगस्ट, गुरुवार

नाथाआजाचं घर उघडलं. किमयाचं बंद झालं.

आज मिनीडोरमध्ये ती कडेला बसली होती. गावातल्या चौघी पोरी मधली जागा सोडून दाटीवाटीने बसल्या. मी पण त्यांच्यातच. तिने माझ्याकडे बघितलं सुद्धा नाय. म्हणजे तिलाच वाटतंय, मी लांब राहावं. मला वाचवण्यासाठी एवढं केलं, आता मी बोलले तर सगळं फुकट जाईल. तिच्यासाठीच मी गप्प आहे, खरं तर.

हे वाक्य लिहिलं आणि परत वाचलं. खोटं वाटतंय. राहू दे.

कॉलेजात बाकावर पण ती पुढे जाऊन बसली.

१७ ऑगस्ट, रविवार

भीती जात नाय. मला वाटलं होतं, एकदा सुटले की जाईल. आता नाथाआजाची भीती वाटते, तो वाटेत भेटला की मी गल्ली बदलते. काल समोरासमोरच आला. म्हणाला, "अभ्यास करतेस ना गो बाय?" एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मनस्वीताईचं कळलं. तिच्या सासूने बोलून बोलून तिला हैराण केलंय, "तुझ्या जिभेपायी गाव बुडाला." तिला झोप लागत नाय. आठवा महिना लागला.

२० ऑगस्ट, बुधवार

पेणच्या एसटी स्टँडवर किमया एकटी दिसली. जोहे, हमरापूरच्या गणपतींचे टेम्पो भरून चालले होते, सगळा रस्ता अडला होता. मी आधी बघून घेतलं, आपल्या गावचं कोणी नाय ना. मग तिच्याकडे गेले.

ती म्हणाली, "बघून घेतलंस ना सगळीकडं?"

मी म्हटलं, "किमया, तू माझ्यासाठी एवढं केलंस, मी जन्मात विसरणार नाय."

ती हसली. असं हसताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. म्हणाली, "तुझ्यासाठी नाय केलं गो. नाथाआजासाठी केलं. धोंडुआजीला चापत्ती नाय मिळाली त्यासाठी केलं."

"मग माझं नाव का नाय घेतलंस?"

"वाटलं, तुझं तू घेशील. त्याच बैठकीत. मी तिथं उभी राहून वाट बघत होते."

गाडी लागली. ती चढली. मला पण त्याच गाडीने जायचं होतं, पण मी पुढची पकडली.

२३ ऑगस्ट, शनिवार

उद्या गावकी आहे, गणपतीत कोणाकडे कधी आरतीला जायचं ते ठरवायला. किमयाच्या घरी कोणी जायचं नाय हे पण उद्याच पक्कं होणार.

मी बोलले तर काय होईल ते सगळं माहीत आहे. नळावरच्या बायका बाजूला होतील. दुकानदार माझ्या आरपार बघेल आणि दुसरीशी बोलेल. बाबांचं पंचपद जाईल, लोक थुंकतील, "पोरगी कुणाची आणि न्याय कुणाला." आई मला मारेल. आणि आमचं तर शेत पण गेलंय, आमच्याच हाताने.

नाय बोलले तर? काय नाय होणार. कोणाला कळणार नाय. तेच जास्त भीतीचं वाटायला लागलंय. मला वाटतं मी साठ वर्षांची होईन आणि तेव्हा पण गल्ली बदलत असेन.

देवा.

२४ ऑगस्ट, रविवार

सांगितलं.

मी अजून तोंड पण उघडलं नव्हतं, नुसती उभी राहिले, तर बाबा पुढून ओरडले, "दिपिका, खाली बस!" त्यांना कसं कळलं मी काय बोलणार ते? मी बसले नाय. म्हटलं, "लाकूड मी नेलं होतं. आमच्या गोठ्यातलं. किमया काढ म्हणत होती, मी राहू दे म्हटलं. आणि नाथाआजा उघाडीला निघाला होता, त्याला मी खोटं सांगून परत पाठवलं."

कोणीच ओरडलं नाय. ओरडले असते तर बरं. नाथाआजा म्हणाला, "पोर हाय ती. बसवा तिला खाली." त्याचा आवाज फुटला. कमळाकरभाऊ बाबांना म्हणाले, "दादा, तुम्ही त्या सतरंजीवरून उठा." बाबा उठले. घरी आईने मारलं नाय. भात वाढला आणि स्वतः जेवली नाय.

ठरलं ते असं. किमयाचं घर बंदच, तिने लाकूड घालायला साथ दिली म्हणून. आणि आजपासून आमचं पण.

२७ ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी

आमच्या गणपतीला आम्ही तिघंच. दरवर्षी ओटीवर पाय ठेवायला जागा नसते. बाबांनी झांजा वाजवल्या, आईने टाळ्या, मी आरती धरली. दुसऱ्या कडव्याला बाबांचा आवाज गेला, मग आईने पुढे म्हटलं. चार घरं सोडून किमयाकडे पण आरती चालू होती, तिघांचीच. दोन्हीकडची ऐकू येत होती.

मनात म्हटलं, आता तरी ती येईल. आता मी तिच्या बाजूला आहे. आता आमच्यात काय आड येणार?

३० ऑगस्ट, शनिवार

काल रात्री आईला विचारलं, बंद घरांनी एकमेकांशी बोललं तर चालतं का. आई म्हणाली, "बंदी गावाला हाय गो. आपल्या दोन घरांना कोन आडवतंय?"

म्हणून आज पहाटे सगळ्या बायका येऊन गेल्यावर मी नळावर गेले. हीच वेळ आता आमची, आणि किमयाच्या घरची. किमया आलीच. आम्ही दोघीच. मी माझी कळशी बाजूला घेतली, तिला नळ दिला. म्हटलं, "किमया." मग म्हटलं, "मी सांगितलं गो सगळं." मग म्हटलं, "मनस्वीताई कशी हाय?"

नळाला पाणी बारीक होतं. हंडा भरायला खूप वेळ लागला. ती पाण्याकडे बघत उभी राहिली. सगळ्या गावात माझ्याशी बोलायला मोकळी अशी ती एकटीच होती. हंडा भरला, तिने उचलला आणि गेली.